फ्लेक्सची डावी बाजू

— नाही, कात्री सापडत नाहीये, दातानं तोड तो दोरा. किंवा तोडूच नकोस, कोण खाणार आहे तुझे पेढे आत्ता, ठेव तो बॉक्स टीपॉयवर आणि बस. आणि हळू बोल. हळू म्हणजे हळू, दादा, रानात उभा राहून पंप बंद करायला ओरडतोस तसं नाही — भिंतीपलीकडं तो आहे आणि त्याला सगळं ऐकू येतं, ह्या बिल्डरनं भिंती बांधल्यात की पुठ्ठे उभे केलेत कोण जाणे. हो, घरीच आहे. शाळेला निघाला होता. बसमध्ये बसला, बस चौकात वळली, त्यानं खिडकीतून स्वतःला बघितलं — दहा फुटी स्वतःला — आणि पुढच्या स्टॉपला उतरून चालत घरी आला. मी दार उघडलं. बूट काढले, जागेवर ठेवले, एरवी कधी ठेवत नाही, आज ठेवले, आणि खोलीत गेला. तेव्हापासून आत आहे. दाराला खुर्ची लावलीय. कडी नाहीये ना त्या दाराला. का नाही म्हणजे काय, नाही. निघाली.

काय झालं म्हणून मला विचारतोयस. तू. चौकात, जिथं तीन शाळांच्या बस थांबतात, जिथं आख्ख्या वाघोलीला सकाळी सिग्नलला तिष्ठत बसण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, तिथं माझ्या पोराचा फ्लेक्स लावलास, आणि वर फोन करून विचारतोस, श्यामे, आवडला का. मी खाली जाऊन बघून आले. घरच्या चपलांवर गेले. सगळ्यात मोठा फोटो कुणाचा? तुझा. पांढरा शर्ट, गॉगल, हात जोडलेले. खाली तुझं मित्रमंडळ, एकेकाचं डोकं बशीएवढं, त्यातल्या निम्म्यांना माझं पोर कोण हेही माहीत नसेल. आणि मधे तो. डावीकडं पाचवीच्या गॅदरिंगचा फोटो — नऊवारी, नथ, अबोलीचा गजरा. उजवीकडं आत्ताचा, केस कापल्यानंतरचा. आणि दोन्हींच्या मधे बाण. बाण, दादा. रंगाच्या जाहिरातीत ओल आलेली भिंत दाखवतात ना, आधी आणि नंतर, तसा. वर ठसठशीत अक्षरात, आमचे लाडके भाचे चि. गेनबा यांचे हार्दिक स्वागत. स्वागत कुठून? दुबईहून आला का तो? याच घरात आहे चौदा वर्षं. माझ्या हातची भेंडी नको म्हणत याच टेबलाशी बसलेला आहे.

नाही, तू वाईट हेतूनं केलं नाहीस, माहितीये मला. तेच तर. वाईट हेतूनं केलं असतंस तर किती सोपं झालं असतं. सगळे विरोधात जातील याची मी तयारी केली होती, खरंच केली होती, भांडी लावताना, स्कूटरवर, उत्तरं पाठ करत होते — आत्या असं म्हणाली तर असं बोलायचं, तू चिडलास तर तसं बोलायचं, शकूवहिनी रडायला लागली तर तिला पाणी द्यायचं आणि मग बोलायचं. तू पेढे घेऊन येशील ह्याची तयारी नव्हती केली. आणि खाली वॉचमनलाही दुसरा बॉक्स उघडून दिलास म्हणे. लिफ्टमधे त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईला दिलास. काय सांगितलंस तिला? भाचा झाला? मी दार उघडलं तर लिफ्टमधून बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी ओढणी सारखी केली. म्हणजे पोट झाकलं मी, दादा. सदतिसाव्या वर्षी, स्वतःच्या दारात, नसलेलं पोट.

आणि पेढेच का? सांग ना. तो झाला तेव्हा काय आणलं होतंस? — काउन्सेलर मॅडम म्हणतात मागचं बोलतानाही 'तो'च म्हणा, सवय होईल, मला अजून दर वाक्याला जीभ चावावी लागते — तो झाला तेव्हा तू बर्फी आणली होतीस. मी पलंगावर पडून ऐकत होते, तू ओट्यावर कुणालातरी सांगत होतास, बर्फी हाय, घ्या, पहिलंच हाय, पुढच्या टायमाला पेढं. दात न दाखवता हसत असणार. आता आलेत ते पेढे. चौदा वर्षांनी, साजूक तुपातले. तुला भाचा मिळाला. तुला आपल्या आबांचं नाव लावणारा मिळाला, तुझ्या पोटी दोन मुली, त्यांना कधी आबांचं घरसुद्धा नीट दाखवलं नाहीस, आणि इथं फ्लेक्स. म्हणजे त्यानं इतकं सगळं सोसून तुझ्यापाशी यावं ते काय, तर बर्फीतून पेढ्यात बढती मिळाली म्हणून? ते पोर तेच आहे. त्यात भर पडलेली नाही. काल ज्याला बर्फी होती, तेच.

बरं, नाही. इलेक्शनसाठी नाही केलंस. ठीक आहे. तसं मी म्हणालेच नाही. मनात आलं होतं, पण म्हणाले नाही.

एक मिनिट. फोन.

टिंब. आलं, बघ. हे टिंब म्हणजे मी आहे, ठीक आहे, बोलायचं नाहीये. आबेदा मॅडमनी लावून दिलंय, त्या कॅम्पातल्या, ज्यांच्याकडं दर शनिवारी जातो आम्ही. शब्द नको वाटत असतील तर टिंब पाठव म्हणाल्या, पण पाठव. आणि आईनं उलट टिंब पाठवायचं. बास. प्रश्न नाही, 'जेवतोस का' नाही, लाल बदामाची चित्रं नाहीत. हे बघ, पाठवलं मी. तू हसू नकोस. सकाळपासून आम्ही मायलेक टिंबं पाठवतोय एकमेकांना भिंतीच्या दोन बाजूंनी, आणि दर वेळी ते यायला जरा उशीर झाला की मी त्या दाराशी जाऊन उभी राहते.

काय म्हणालास? — शाळेत येऊन दम देतो. नको. कृपा कर. हे गेलेत शाळेत, मुख्याध्यापकांना भेटायला, वर्गातल्या पोरांनी फोटो काढलेत बसमधून, ग्रुपवर फिरतायत, ते थांबवता येतात का बघायला. थांबत नाहीत, मला माहितीये, त्यांनाही माहितीये, पण माणसानं कुठंतरी जावं लागतं. त्याच्या वर्गात एकटीला माहीत होतं, सलीमाला. तिला त्यानं स्वतः सांगितलं होतं. बाकीच्यांना दिवाळीनंतर सांगणार होता. काय बोलायचं ते मॅडमसमोर बोलून बघत होता, माझ्यासमोर बोलून बघत होता — मी वर्गातला खवचट मुलगा व्हायचे आणि वाकडे प्रश्न विचारायचे, आणि तो उत्तर द्यायचा, आणि कधी कधी इतकं छान उत्तर द्यायचा की मी खवचटपणा विसरून जायचे, मग तो चिडायचा, आई, नीट कर. वाक्य न् वाक्य तयार होतं त्याचं. ते बोलायची वेळच ठेवली नाहीस तू. दहा फुटी छापून टाकलंस. कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या — मॅडमनी हे एकच सांगितलं होतं आम्हाला, पहिल्या दिवशी. मी विचारलं, मग आईनं काय करायचं? म्हणाल्या, बसा. मला वाटलं खुर्चीवर बसा म्हणतायत, मी बसलेलीच होते. त्यांना म्हणायचं होतं, त्याच्याजवळ नुसतं बसा.

सोपं वाटतं ना. बसून बघ. त्यांच्याआधी दोन डॉक्टर झाले. एक म्हणाले, वयात येताना होतं असं, सायकल चालवू द्या, मोबाईल काढून घ्या. दुसऱ्या बाईंनी मलाच विचारलं, गरोदरपणी मुलगा हवा होता का तुम्हाला? म्हणजे तेही माझ्याच गळ्यात. आणि मी काय करावं — एम.एस्सी. केलेली बाई मी, बायोकेमिस्ट्री, फर्स्ट क्लास — मी रिक्षात बसून आठवत राहिले, हवा होता का, कधी मनात आलं होतं का, सातव्या महिन्यात कैरी खाताना आलं होतं का. वाघोली येईस्तोवर आठवत होते.

तुला सांगितलं ती माझी चूक. हो, सांगायचंच होतं कुणालातरी, माहेरी एक माणूस तरी हवा होता मला. त्याला विचारून सांगितलं मी. तो म्हणाला, मामाला सांग, मामा चालेल. मामा चालेल, हे त्याचे शब्द. आणि तू गाडी कडेला घेतलीस, काचा वर केल्यास, आणि कितीतरी वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसलास. मग विचारलंस, नाव काय ठेवलंय? मी म्हणाले, गेनबा, आबांचंच. तेव्हा रडलास तू. मी पाहिलं ना. मीही आधी हसले होते त्या नावाला, त्याच्या तोंडावर, अरे कुणी आर्यन ठेवतं, विहान ठेवतं, गेनबा कसलं, शाळेत पोरं काय करतील तुझं. तर म्हणाला, आबा मला कधी पोरगी म्हणाले नाहीत. मांजरी गावाला गेलो की ओट्यावरून हाक मारायचे, ये गडी, बस. स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घालायचे. बाकी सगळे म्हणायचे, केस बांध, पाय जवळ घे. आबांनाच दिसत होतो मी. — आबांना काही दिसत नव्हतं रे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ते सगळ्यांनाच गडी म्हणायचे, शेळीलासुद्धा. पण मी ते सांगितलं नाही त्याला. तूही सांगू नकोस.

आणि तो उजवीकडचा फोटो — तो कुठनं मिळाला तुला? माझ्याकडनं. हो. मीच पाठवला. केस कापून आला त्या दिवशी, आरशासमोरून हलत नव्हता, असा हसत होता की मी — पाठवला. कुणाला दाखवू नकोस असं लिहिलं होतं मी खाली. लिहिलं होतं ना? बघ तुझ्या फोनवर. थांब, माझ्यावरच बघते. — 'बघ तुझा भाचा. किती देखणा.' आणि चार बदाम. बास. एवढंच आहे. मला वाटत होतं मी लिहिलंय. इतके दिवस मला खात्री होती. — नाही, म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. बदाम पाठवले म्हणजे फ्लेक्स लाव असा अर्थ होतो का? तुमच्यात होत असेल.

पुन्हा तेच. 'एवढं काय झालं.' दादा, इकडं ये. इकडं सरक. ऑगस्टमधे त्याला डेंग्यू झाला होता, आठवतंय? ॲडमिट केलं, प्लेटलेट कमी झाल्या म्हणून सांगितलं सगळ्यांना. तू किवी आणलेस, आणि पपईचा पाला, पोतंभर, शकूवहिनीनं वाटून वाटून रस पाठवला बाटलीतनं, हिरवागार. डेंग्यू नव्हता. काय होतं ते तू समज, माझ्या तोंडून नाही निघत ते, मॅडमसमोर निघतं, तुझ्यासमोर नाही. आम्हाला वेळेत कळलं. एवढंच. दार ढकलता आलं म्हणून कळलं, नाहीतर — म्हणून कडी नाहीये. कडी ह्यांनीच काढली, हॉस्पिटलातून आल्या आल्या, बूटही न काढता, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. आणि तुझा तो रस. मी म्हणाले त्याला, बेसिनमधे ओतून देते, कुणाला कळतंय. तर म्हणाला, नको, मामानं आणलाय. आणि नाक धरून प्यायला. कडूजहर. रोज. नसलेल्या डेंग्यूवर. माझं खोटं झाकायला आणि तुला बरं वाटावं म्हणून. असलं पोर आहे ते. त्याला तू बाणाच्या एका बाजूला नऊवारीत उभं केलंस.

पाणी पी. नको रडूस, आत्ता नको, तुझं रडणं सांभाळायला माझ्याकडं जागा नाहीये आज.

आणि कात्री म्हणशील तर — सापडत नाहीये असं नाही. कपाटात आहे. कात्री, सुऱ्या, विळी, सगळं स्टीलच्या कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली ही इथं, कुर्त्याच्या आतल्या खिशात. स्वयंपाक करायचा झाला की कुलूप काढायचं, एक सुरी घ्यायची, कुलूप लावायचं. कांदा चिरून झाला की परत. ऑगस्टपासून. सोसायटीतल्या बायकांना वाटतं मी फार टापटीप आहे, ओट्यावर काही नसतं माझ्या. तू आलास, पेढ्यांचा दोरा कापायला कात्री मागितलीस, दारातच, इतक्या मोठ्यांदा. त्यालाही ऐकू गेलं असणार.

— पोरं नको पाठवू. फोन ठेव खाली. तुझी पोरं येणार, ओरबाडून काढणार, अर्धा तारेला लटकता ठेवणार, उरलेला नाल्याशी टाकणार, आणि उद्या सगळ्या शाळेला त्याचं फाटलेलं तोंड दिसणार. तू जा. स्वतः. शिडी लाव आणि स्वतःच्या हातानं एकेक तार सोड. गॉगल घालून जा हवं तर, लोकांना ओळखू येशील. बघू दे लोकांना, लावणारा तूच आणि उतरवणारा तूच.

तुला वाटतं मी नुसती तुझ्यावर चिडलेय. मी खाली गेले ना सकाळी, चौकात, त्या फ्लेक्सखाली उभी राहिले, रिक्षावाले हॉर्न देतायत, आणि मला कळत होतं की आता पटकन काहीतरी करायला हवं, हे ओढून काढायला हवं, पोर घरी आहे. आणि खरं सांगू? मी आधी डावीकडं बघितलं. उजवीकडं नाही. डावीकडंच बघत राहिले. ती नथ मी दाबली होती त्या दिवशी, दुखतंय म्हणत होता, मी म्हणाले, नाटक संपेस्तोवर राहू दे. गजरा मी माळला होता. त्या फोटोत तो हसत नाहीये, मला आज दिसलं, इतकं मोठं केल्यावर दिसलं, तरीही मी — मला ती आवडत होती, दादा. मला ती आवडत होती आणि मला हा आवडतो आणि हे मॅडमनाही सांगितलं नाहीये मी, कारण त्या लिहून घेतील. हळू. हळू म्हणतेय मी तुला, आणि मीच बोलतेय इतक्या जोरात.

थांब. वाजला.

टिंब नाहीये. लिहिलंय. — थांब ना, वाचू दे. 'फ्लेक्स फाडू नका. मामाला घरी आणायला सांग. मी कापणार. उजवी बाजू मला हवी. डावी तू ठेव.'

ऐकलं त्यानं. सगळं ऐकलं.

अजून एक येतंय. टाइप करतोय. — 'कात्री काढ.'

तू गप्प बस. 'देऊ नकोस' म्हणायला तुला कुणी विचारलंय? तुला काय कळतं त्यातलं, मलाही कळत नाही. शनिवार कधी आहे? मॅडमना फोन — नाही. लावते, फोन लावते, पण ते नंतर. आधी हे बघ. दहा फुटी फ्लेक्स एकट्याला कापता येतो का? तूच सांग, तुझा धंदाच आहे फ्लेक्स लावायचा. गुंडाळी होते ना त्याची, कात्री अडकते. कुणीतरी समोरून ताणून धरावा लागतो, आणि कापणाऱ्याच्या बरोबरीनं सरकत यावं लागतं, शेवटपर्यंत. हो ना? तर मग. टीपॉय सरकवला की हॉलमधे मावेल. धरायला मी आहे. त्याच्या समोर बसेन, हातभर अंतरावर, आणि संपलं की कात्री माझ्या हातात. असं लिहिते त्याला. — 'तू काप. मी धरते. एकटा नाही.' गेलं. — दोन निळ्या खुणा आल्या.

तू उठ. फ्लेक्स आणलास की दारात ठेव, बेल वाजवू नकोस, आत येऊ नकोस. आज नाही. त्याला वाटलं तर तो बोलावेल मामाला, त्याचं तो ठरवेल, तू उंबऱ्याबाहेर वाट बघ, बघायला शिक. पेढे उचल. तो दोरा बांधलेलाच राहू दे.

आत खुर्ची सरकली. — जा म्हटलं ना.